पत्रूचा मोड

धानोऱ्याहून मुरुमगावकडे जाणारा जुना रस्ता ज्यानं पाहिला नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. तरी सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण आता दाखवायला तो उरलाय कुठे! रस्ता म्हणायचा तो उगीच मान द्यायचा म्हणून. दोन चाकोऱ्या, मधे पोटरीएवढं गवत, आणि दोन्हीकडून साग, ऐन, मोह आणि बांबूची बेटं अशी दाटलेली की भर दुपारी गाडीवानाच्या डोक्यावर ऊन पडत नसे. दिवाळी सरली, नाल्यांचं पाणी उतरलं, की गाड्या निघत. धान, हिरडा, लाख, मोहफूल, सारं वडशाच्या टेसनाकडे. मागच्या गाडीवानाला पुढच्याची धूळ खावी लागे, आणि तरी घाई म्हणून कोणाला नसे. गाडीतून उतरावं, टेंभराखाली पडलेली चार टेंभरं वेचून खावी आणि रमतगमत चालत जाऊन पुन्हा आपलीच गाडी गाठावी! आता मोटारीतून टेंभराचं झाड दिसत नाही, टेंभरं कुठली खाता बापा.

ह्या रस्त्यावर कोसमटोल्याजवळ शकुबाईचा पडाव होता. पडाव म्हणजे एक गवती छपराची खोली, पुढे शेणानं सारवलेला ओटा, पाण्याचे माठ आणि कायम पेटलेली चूल. गाड्या दिवस मावळता तिथे सुटत, बैल चाऱ्याला लागत, गाडीवान शकुबाईच्या हातची आंबील पीत, कोणी भात शिजवत, कोणी दंडारीच्या खेळातलं गाणं म्हणत आडवं होई. सकाळी उजाडलं की पुन्हा जुंपायचं. शकुबाई मात्र त्या वेळी चुलीपुढून उठून ओट्याच्या टोकाला येऊन उभी राही. हातात पळी असली तर पळी, झाडू असला तर झाडू. कान लावून उभी. कारण पडाव सोडला की जरा पुढे रस्ता वळत असे, आणि त्या वळणाला पत्रूचा मोड म्हणत.

पत्रू म्हणजे तिचा नवरा.

मोडावर गाडी थांबवायची, खाली उतरायचं, जवळचा एक गोटा तिथल्या ढिगावर ठेवायचा आणि म्हणायचं, "पत्रू, आमी चाललो गा. तू बस." मग पुढे. गाडीत बसल्या बसल्या म्हटलेलं चालत नसे. पायउतार व्हायचं, हातानं ठेवायचं. किती तरी गाडीवान आपापल्या गावाहून गोटा आणत. कोणी वैनगंगेच्या काठची पांढरी गारगोटी आणी, कोणी मुरुमगावकडचा तांबडा दगड. सकाळी रान गप्प असलं की तो आवाज पडावापर्यंत येई. एका पाठोपाठ एक, जितक्या गाड्या तितक्या वेळा. शेवटची गाडी गेली की शकुबाई पुन्हा चुलीपुढे बसे, आणि तिचा दिवस सुरू होई.

ही रीत घातली कोसमटोल्याच्या कोलूनं. कोलू हा गोंडांतला जाणता म्हातारा. पत्रू गाडीवान होता. धुक्याच्या सकाळी जू सोडून पळालेला बैल आणायला तो मोडाकडे गेला आणि वाघानं त्याला उचललं. सारं रान पालथं घातलं, धोतराची एक चिंधी तेवढी मिळाली. ना चिता, ना राख, ना नदीत सोडायला काही. तेव्हा कोलूनं त्या जागी पहिला गोटा ठेवला आणि साऱ्यांना बजावलं, वाघानं नेलेला माणूस एकटा पडतो. त्याच्याशी कोणी बोललं नाही तर तो वाघाच्याच मानेवर बसून सोबत शोधायला निघतो. म्हणून जाता-येता त्याचं नाव घ्या, त्याला बसायला गोटा द्या, एकटं वाटू देऊ नका. खरं-खोटं तो वरचाच जाणे, पण त्यानंतर त्या मोडावर वाघानं कोणाला धरलं नाही, हे सारे सांगत.

शकुबाईला पोरबाळ नव्हतं. पत्रूला भाऊ नव्हता. आणि नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही ही आपल्याकडची रीत! जित्या नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. बरं, तो गेल्यावर तरी काय बिघडणार होतं? पण बाईची जीभच वळत नसे. "माह्या घरचा" म्हणे, "थो" म्हणे, फार झालं तर वर बोट दाखवी. म्हणजे ह्या जगात पत्रू हे नाव जिवंत होतं ते फक्त गाडीवानांच्या तोंडी, त्या मोडावर. तेवढं एक ऐकायला मिळावं म्हणून ती त्या रानात एकटी राहत होती. वडशाची तिची बहीण वच्छला किती वेळा म्हणाली, "ये वो इकडं, काय ठेवलं हाये तुह्यं त्या जंगलात?" काय ठेवलं होतं ते वच्छलाला कळलं असतं तर तिनं विचारलंच नसतं.

मग ते राज्यांचं झालं. चांदा जिल्हा मुंबईत गेला आणि मुरुमगावच्या पलीकडचं रान मध्यप्रदेशातच राहिलं. कालपर्यंत ज्यांची सोयरीक एका सरकारात होती त्यांची सासरं एका राज्यात आणि माहेरं दुसऱ्यात गेली. आणि गंमत बघा, मधे रेघ ओढून होते न होते तोच मोठ्या साहेब लोकांच्या ध्यानात आलं की आता ह्या राज्यातून त्या राज्यात जायला चांगला रस्ता पाहिजे! गडचिरोली ते धानोरा एक तुकडा होता, धानोरा ते मुरुमगाव दुसरा. कुठे मुरूम, कुठे नुसती माती. हे सारे तुकडे रुंद करून, सरळ करून, गिट्टी घालून एकाला एक जोडायचे आणि थेट राज्यापार न्यायचे असं ठरलं.

बातमी आणली लटारूनं. लटारू हा पत्रूचा जोडीदार, दोघांनी एकाच हंगामात गाड्या हाकायला घेतलेल्या. मोठा बोलघेवडा माणूस, सुपारी खाल्ल्याशिवाय शब्द फुटायचा नाही आणि एकदा फुटला की थांबायचा नाही.

"वहिनी, आता पाहाजो तू! पक्का रस्ता होऊन राह्यला. धानोऱ्याले सकाळी निंगालं का दुपारी त्या राज्यात. मले बी मुरूम वाहायचं काम भेटलं, गाडीसकट."

शकुबाईनं आंबिलीचा गडवा त्याच्यापुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, "अन् मोडावरचा ढीग?"

लटारूची सुपारी तोंडातच राहिली. ह्याचा विचार त्यानं केलाच नव्हता.

थोड्या दिवसांनी कामावरचा मिस्त्री भैयाजी पडावावर आला. आरमोरीकडचा, गोल तोंडाचा, मायाळू माणूस. शकुबाईनं त्याला मोडावर नेलं, ढीग दाखवला, झालेलं सगळं सांगितलं. भैयाजीनं आधी खाली वाकून एक गोटा उचलून ढिगावर ठेवला. वाटेनं जाणाऱ्या गाडीवानाला विचारून नाव घेतलं. मग म्हणाला, "बाई, साहेबाची लाइन मोडाच्या आतून जाते. तुमचा ढीग कडंले राह्यते, त्याची चिंता नाई. पण कडंले सुटे गोटे दिसले का गँगवाले उचलतेत. म्या सांगून ठेवतो सगळ्यायले. पण माही ड्यूटी उद्या कुठी लागन, मलेच भरोसा नाई. काई असं करा का पाहणाऱ्याले वाटलं पायजे, याले हात लावाचा नाई."

बस्स. शकुबाईच्या डोक्यात तेवढंच बसलं. पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे.

आता हा ढीग दिसायला कसा होता? जसा पडत गेला तसा. एक गोटा इकडे घरंगळलेला, एक तिकडे, मधून गवत उगवलेलं, एका बाजूला मुंग्यांचं वारूळ. नव्या माणसाला काय कळणार? आणि त्याच रस्त्यानं ती रोज बघत होती, कामावरच्या लोकांनी कडेला खडीचे चट्टे कसे रचून ठेवले होते. चौकोनी, कोपरे नीट, बाजू सरळ, आणि वर चुन्याचा पट्टा. त्यांना कोणी शिवत नसे. लटारूचा बैल एकदा असल्या एका चट्ट्याला घासून गेला आणि दोन गोटे खाली आले, तर मुकादम केवढा ओरडला होता! "चुना दिसत नाई काय बे? मोजलेला माल हाये हा!" शकुबाईनं ते ऐकलं होतं. मोजलेला म्हणजे काय ते तिच्या ध्यानात राहिलं नाही. हात लावायचा नाही एवढं राहिलं.

बाई कामाला लागली. दुपारी चूल झाकली की मोडावर जायची. गवत उपटलं. वारूळ तसंच ठेवलं, त्याच्या बाजूनं ढीग फिरवून घेतला. एक एक गोटा उचलायची, पदरानं पुसायची, लावायची. पांढऱ्या गारगोट्या हाताला गुळगुळीत लागत. कोणता गोटा कोणी ठेवला हे काही तिला ठाऊक नव्हतं, पण प्रत्येकाबरोबर कोणी तरी तिच्या माणसाशी बोललं होतं, हे ठाऊक होतं. हातात घेताना तिला बरं वाटायचं. इतक्या वर्षांनी त्याच्यासाठी काही तरी हातानं करायला मिळालं होतं. नवऱ्याला नीट अंथरूण घालून द्यावं तशी ती ते करत होती. मग पडावाची भिंत पोतायला आणून ठेवलेला चुना तिनं भिजवला, आणि ढिगाच्या माथ्यावर लांब पट्टा ओढला. अगदी रस्त्यावरच्या चट्ट्यांवर असतो तसा.

कोलू म्हातारा काठी टेकत बघायला आला. ढिगाभोवती एक फेरी मारली.

"बाई," तो म्हणाला, "लोकायच्या हातानं जसा पडला तसाच राहू द्याचा होता. ह्यो तर सरकारी दिसून राह्यला."

"दिसू दे न बाबा," शकुबाई हसून म्हणाली, "सरकारी दिसला म्हंजे कोनी हात नाई लावत."

कोलूला ते पटलं नाही, पण ती इतकी आनंदात होती की त्यानं पुढे काही म्हटलं नाही. एक गोटा मात्र ठेवला, आणि तोही तिनं लगेच उचलून ओळीत बसवला.

त्याच आठवड्यात वच्छलाचा निरोप आला, पोरगी बाळंतपणाला आली आहे, मदतीला ये. एरवी शकुबाई गेली नसती. सकाळच्या गाड्यांचा आवाज चुकवून ती कुठे राहतच नसे. पण ह्या खेपेला तिचा जीव निश्चिंत होता. ढीग चौकोनी होता, चुना लागला होता, मिस्त्रीनं शब्द दिला होता. ती वडशाला गेली. पोरीचं बाळंतपण निर्विघ्न पार पडलं. शकुबाईनं बाळाला न्हाऊमाखू घातलं, धुरी दिली, आणि इतक्या वर्षांत नव्हती तशी दोन घटका हसलीबोलली. वच्छलाला वाटलं, हिचं मन आता इथे लागतंय.

परतताना ती लटारूच्या गाडीत होती. धानोरा मागे टाकला तसा नवा रस्ता लागला. तांबडा, रुंद, बाजूला नाल्या काढलेल्या. लटारू तोंडभर कौतुक करत होता. "पाहा वहिनी, चाक कसं चालून राह्यलं! पानी बी हालत नाई गडव्यातलं." शकुबाईचं लक्ष नव्हतं. ती मोडाची वाट बघत होती. झाडं तोडून मोकळं झालेलं, ऊन सरळ डोळ्यांवर येत होतं. मग लांबवर तिला आपल्या पडावाचं छप्पर दिसलं.

"लटारूभाऊ, मोड कुठी गेला?"

लटारूनं कासरा ओढला. तोही बघत राहिला. ती वडशाला गेल्यापासून त्यानं दुसऱ्या बाजूनं मुरूम वाहिला होता, इकडे तो आलाच नव्हता. मोड नव्हता. मोड असायचा तिथे सरळ रस्ता होता, आणि कडेला वारूळ होतं. नुसतं वारूळ.

जरा पुढे आंब्याखाली गँगच्या बाया भाकरी खात बसल्या होत्या. सिरोंच्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या वडारणी. त्यांतली पोसक्का म्हणून एक थोराड बाई उठून आली. शकुबाई गाडीतून उतरली होती आणि वारुळापाशी उभी होती, जमिनीकडे बघत.

"क्या हुआ माय?"

"इथी ढीग होता," लटारू म्हणाला. "गोट्यायचा. कोनी नेला?"

"नेला नाई," पोसक्का म्हणाली, "पसरा दिया. इधरीच, रस्ते में. चुना लगा था ना! चुना लगा मतलब साहेब ने नापा हुआ, पास किया हुआ. मुकादम बोला, इसको पसरो, फोडो. हमने फोडा, बिछाया." आणि तिला काही तरी आठवलं. "वो गोटा अलग अलग था. सफेद, लाल. हम आपस में बोले बी, ये किसने कहां कहां से लाया."

भैयाजी मिस्त्रीची ड्यूटी पुलाच्या कामावर लागली होती. नवा मुकादम आला होता. त्याला कोणी काही सांगितलं असेल, नसेल. सांगितलं असतं तरी काय? सांगितलं असेल गोट्यांच्या ढिगाबद्दल. हा ढीग कुठे होता, हा तर चट्टा होता! चौकोनी, कोपरे नीट, वर चुना.

शकुबाईला ते सगळं एका क्षणात कळलं. कोणी दुष्टपणा केला असता तर तिनं त्याचे वाभाडे काढले असते, तोंड काही तिचं कमी नव्हतं. पण इथे कोणाला शिव्या द्यायच्या? तिनं आपले दोन्ही हात वर करून पाहिले. मग त्याच हातांनी आपलं तोंड झोडून घ्यायला लागली. "माह्याच हातानं! माय वो, माह्याच हातानं!" पोसक्कानं धावत येऊन तिचे हात धरले. काय झालं ते लटारूनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं तेव्हा ती वडारीण मटकन रस्त्यावर बसली, खडीवर हात ठेवून तो कपाळाला लावला, आणि आपल्या भाषेत काही तरी पुटपुटत राहिली. बाकीच्या बायांनी भाकरी गुंडाळून ठेवली. त्या दिवशी त्या तुकड्यावर कोणी घाव घातला नाही.

भैयाजीला कळलं तसा तो पुलावरून सायकल मारत आला. गोल तोंड एवढंसं झालेलं. "बाई, म्या टेकडीवरून गोटे आनतो. होता तेवढा ढीग करून देतो, गाड्या लावून."

"मिस्त्रीभाऊ," शकुबाई म्हणाली, "तुह्या टेकडीचे गोटे घेऊन काय करू? कोनी ठेवले ते? कोन बोललं माह्या मानसासंग त्यायच्या बरोबर?" मग तिलाच त्याची कीव आली. तिनं त्याला आंबील दिली.

रस्ता पुरा झाला. चांद्याहून साहेब आले, फीत कापली, गेले. सुरुवातीला गाड्या चालूच होत्या, आणि गाडीवान मोडावर, म्हणजे मोड होता तिथे, गाडी हळू करून नाव घेत. ठेवायला ढीग नव्हता, म्हणून उतरत नसत. शकुबाई ओट्यावर उभी राही. आवाज येई, पण पुसट. मग बाजारातला माल ट्रकनं जाऊ लागला. हिरडा ट्रकनं, लाख ट्रकनं. गाड्या कमी होत गेल्या. एखाद्या सकाळी एकच आवाज येई, आणि शकुबाईला आवाजावरून कळे, हा इसरू, हा चैतू. आणि एक सकाळ अशी आली की कोणीच आलं नाही. ती ओट्यावर ऊन चढेपर्यंत उभी होती. दुसऱ्या दिवशीही. रस्त्यावरून ट्रक घों करत जात होते, त्यांच्या चालकांना पत्रू कोण हे सांगणार कोण, आणि थांबणार कोण! ते तर धानोऱ्यातला चहासुद्धा उभ्या उभ्या पीत.

आंबील प्यायला कोणी नाही. चूल पेटवायची ती स्वतःपुरती. कोलू म्हातारा अधूनमधून मोडापर्यंत चालत जाई आणि नाव घेऊन येई, पण होळीच्या सुमारास तोही गेला. त्याच्या मातीला जाऊन आल्यावर शकुबाईनं लटारूकडून वच्छलाला निरोप पाठवला, की येते.

जायच्या दिवशी लटारूच तिला न्यायला आला. त्याची गाडी आता परड्यात उलटी पडली होती आणि बैल त्यानं जावयाला देऊन टाकले होते. आता मुरुमगावहून सर्विस मोटार येत असे, त्या राज्यातली माणसं घेऊन, आणि ती कोसमटोल्याच्या पलीकडच्या फाट्यावर थांबे. दोघं तिथपर्यंत चालत गेली. शकुबाईच्या डोक्यावर एक बोचकं, लटारूच्या खांद्यावर दुसरं.

"लटारूभाऊ," वाटेत ती म्हणाली, "मोड आला का तू म्हनजो बरं."

"म्हनन न वहिनी! मोटार थांबवतो. उतरतो. गोटा ठेवतो."

"थांबवतीन?"

"न थांबवाले काय झालं? मी कोन हाये?"

मोटार आली, खच्चून भरलेली. कंडक्टर तरणा होता. लटारूनं त्याला पुढच्या मोडावर घडीभर थांबायला सांगितलं, तर तो म्हणाला, "इथी मोड कुठी हाये गा काका? सरळ रस्ता हाये सारा," आणि त्यानं घंटी मारली. लटारू कोण आहे हे त्याला विचारायचं सुचलंच नाही.

"ठीक हाये," लटारू शकुबाईच्या कानाशी वाकून म्हणाला, "बसूनच म्हनतो. चालते आजच्या दिस."

शकुबाई मधल्या बाकावर दाटीवाटीत बसली होती. एका बाजूला छत्तीसगडकडची एक बाई कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन, दुसऱ्या बाजूला लटारू. ती आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसली होती. खिडकीतून झाडं अशी पळत होती की एक दुसऱ्यात मिसळत होतं. ज्या रस्त्याचा गोटा न् गोटा तिला पायांनी ठाऊक होता, तो रस्ता तिला ओळखूच येईना. आपला पडाव गेला की यायचा आहे? ते बांबूचं बेट आपलं की दुसरं? तिनं लटारूकडे बघितलं. तो मान वाकडी करून बाहेर डोळे फाडून बघत होता.

"आला का?" तिनं विचारलं.

"नाई, अजून नाई. येऊन राह्यला."

मोटार एका लयीत पळत होती. पत्रू गेल्यापासून ती ह्या वाटेनं कितीदा तरी गेली असेल, पण दरवेळी बरोबरचा गाडीवान उतरला होता, कोणी तरी तिच्यासाठी ते नाव घेतलं होतं. आज ती शेवटची जात होती. आज कोणी घेतलं नाही, तर मग कोणीच कधी घेणार नव्हतं, आणि तो तिथे बसून राहणार होता, आपली बायकोसुद्धा न बोलता निघून गेली म्हणत.

"आला?"

"थांब वहिनी… नाई… थे तर वेगळं झाड हाये…" त्या बोलक्या माणसाच्या कपाळावर घाम आला होता. "मले… मले जागाच दिसून नाई राह्यली."

शकुबाईनं पुढच्या बाकाची दांडी धरली आणि दाटीतून उठून उभी राहिली.

"पत्रू," ती म्हणाली.

आवाज फुटलाच नाही, नुसती हवा निघाली. कसं म्हणतात हे नाव? सगळे इतकं सहज म्हणत. तिनं घसा खाकरला आणि मोटारीच्या घरघराटावर जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं,

"पत्रू, आमी चाललो गा! तू बस!"

टोपलीतली कोंबडी फडफडली. सारी मोटार तिच्याकडे वळून बघायला लागली. वहिनीच्या तोंडून ते नाव लटारूनं कधी ऐकलं नव्हतं, पत्रूनंही कधी ऐकलं नसणार. तिचे गाल भिजले होते आणि ती पुसत नव्हती. तिला माहीत नव्हतं हीच ती जागा की नाही. थोडी मागे असेल, थोडी पुढे असेल. म्हणून ती पुन्हा म्हणाली. आणि जरा पुढे गेल्यावर पुन्हा. एकदा नाव तोंडात बसल्यावर ते आपसूक येत होतं.

छत्तीसगडच्या बाईनं टोपली सावरत विचारलं, "कोन हरे दाई, पत्रू?"

"माह्या घरचा," शकुबाई म्हणाली आणि खिडकीकडे वळून परत म्हटलं.

धानोऱ्याची कौलं दिसायला लागली तेव्हा लटारूनं तिच्या दंडाला हात लावला. "बस आता वहिनी. मोड तर कवाचाच मागं राह्यला असंल."

"असंल," शकुबाई म्हणाली. "पत्रू, आमी चाललो गा. तू बस."